भरलेले सभागृह आणि हिशेबाची वही: डोमिनिक मेयर यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगभरची नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा व्हिएन्नाच्या राज्य ऑपेराने आपल्या संग्रहातील प्रयोगांचे चित्रीकरण इंटरनेटवरून रोज विनामूल्य दाखवायला सुरुवात केली. बेळगावात टिळकवाडीतल्या घरी, सगळे झोपल्यावर, कानाला हेडफोन लावून मी ते प्रयोग पाहत असे. त्यातले सगळे संगीत मला उमगत होते असे नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो आणि एका हौशी संगीत नाटक मंडळाचा हिशेब ठेवतो, त्यामुळे कॅमेरा वादकांच्या खड्ड्यावरून फिरू लागला की माझे मन व्हायोलिनची संख्या मोजू लागे आणि मोजणी पुढे पगारपत्रकाकडे वळे. बेळगावात दोन आणि खानापुरात किंवा निपाणीत एक, असे वर्षाला तीन प्रयोग करताना आमची दमछाक होते. हे लोक मोसमाला तीनशेच्या आसपास प्रयोग कसे करतात, या कुतूहलातून शोध सुरू झाला आणि त्या घराचा संचालक मूळचा अर्थशास्त्राचा अध्यापक आहे असे कळले. त्या वसंतात त्याच्याकडे व्हिएन्ना आणि मिलान अशी दोन घरे होती आणि दोन्हींना कुलूप होते.

डोमिनिक मेयर यांचा जन्म १९५५ मध्ये फ्रान्सच्या आल्झास प्रांतात झाला. अर्थशास्त्र शिकून ते शिकवणारे मेयर ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी फ्रान्सच्या उद्योग मंत्रालयात गेले आणि तिथून जॅक लांग यांच्या सांस्कृतिक मंत्रालयात सल्लागार म्हणून आले. १९८९-९० मध्ये, म्हणजे बास्तीय भागातली ऑपेराची नवी इमारत सुरू होत होती त्या वादळी दिवसांत, ते पॅरिस ऑपेराचे महासंचालक होते. त्यानंतर पंतप्रधानांच्या कार्यालयात काही काळ घालवून ते लोझानच्या ऑपेरात गेले, १९९९ पासून पॅरिसच्या शाँझेलिझे नाट्यगृहाचे प्रमुख झाले, २०१० ते २०२० अशी दहा वर्षे व्हिएन्नात राहिले आणि त्यानंतर मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात २०२५ च्या प्रारंभापर्यंत काम केले. या अभ्यासात मुख्य विचार व्हिएन्नाच्या दहा वर्षांचा आहे, कारण अर्थशास्त्राचे शिक्षण ऑपेरात कुठवर पुरते आणि कुठे संपते, हे त्या दहा वर्षांत स्पष्ट दिसते.

मूळ अडचण

विल्यम बाऊमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांच्या खर्चाचा जो अभ्यास मांडला, तो या विषयाचा पाया आहे. त्यांचे म्हणणे वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या उदाहरणाने समजावून सांगणे मला सोपे जाते. हातमागावर एका माणसाला एक लुगडे विणायला जे दिवस लागत, तेवढ्याच दिवसांत आज यंत्रमागावर कितीतरी अधिक कापड निघते आणि एकच माणूस एकाहून अधिक माग सांभाळतो. उत्पादन वाढल्यामुळे मजुरी वाढवणे मालकाला परवडते. संगीत नाटकाचे मात्र तसे नाही. ‘सौभद्र’ १८८२ मध्ये रंगमंचावर आले तेव्हा त्याला जेवढी पात्रे लागत तेवढी आजही लागतात आणि विलंबित लयीतले पद आजही तेवढाच वेळ घेते. पेटीवाल्याला मात्र आजच्या भावाने तांदूळ घ्यावा लागतो, म्हणून त्याचे मानधन बाहेरच्या मजुरीबरोबर वाढवावेच लागते. उत्पादकता जिथल्या तिथे आणि वेतन चढते, या कात्रीत प्रत्येक नाट्यसंस्था सापडते आणि ऑपेरासारखी अवाढव्य संस्था सर्वांत जास्त सापडते.

या कात्रीवर नवख्या व्यवस्थापकाचा उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे माणसे कमी करणे. आमच्याही मंडळात एका वर्षी ऑर्गन नको, पेटीवरच भागवू, अशी सूचना आली होती. ऑपेरात हा उपाय फार लवकर संपतो, कारण जर्मन संगीतकार वाग्नरच्या स्वरलेखनात जेवढे वादक लिहिले आहेत त्यातले निम्मे काढले तर जे उरते ते वाग्नरचे राहत नाही. अर्थशास्त्र शिकलेल्या संचालकाकडून मंडळींना काटकसरीची अपेक्षा असते. मेयर यांच्या कारकिर्दीचे बारकावे पाहिले तर मला उलटे दिसते. कोणता खर्च कमी होऊ शकत नाही हे त्यांना नेमके ठाऊक होते, आणि म्हणून त्यांनी आपली बुद्धी रिकाम्या खुर्चीवर खर्च केली.

दोन प्रकारची घरे

व्हिएन्नात येण्यापूर्वी मेयर यांनी चालवलेले शाँझेलिझे नाट्यगृह १९१३ मध्ये सुरू झालेले, नामांकित, पण स्वतःचा कायमचा गायकसंच नसलेले. तिथे ऑपेरा, वाद्यवृंद, बॅले हे सगळे बाहेरून येते आणि काम संपले की जाते. आजच्या मराठी नाट्यव्यवहारात कलावंताला प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळते आणि निर्माता नाट्यगृहाचे भाडे, टेम्पो व जाहिरात यांची बेरीज करून प्रयोग लावतो, त्या पद्धतीच्या जवळचे हे घर. खर्च प्रयोगापुरता असल्याने तोटा झालाच तर त्याला कड असते.

व्हिएन्नाचे घर नेमके याच्या उलट आहे. १८६९ मध्ये उघडलेल्या या ऑपेराकडे पगारी गायक, पगारी गायनवृंद, पगारी नर्तक आणि असा वाद्यवृंद आहे की व्हिएन्ना फिलहार्मोनिक या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचे सदस्य त्यातूनच येतात. एका मोसमात सुमारे पन्नास वेगवेगळे ऑपेरा आणि जोडीला बॅले होतात. आज एक, उद्या दुसरा, परवा तिसरा, असा फिरता क्रम असतो. आपल्याकडच्या जुन्या नाटक कंपन्या याच तऱ्हेने चालत. कंपनीचे बिऱ्हाड गावात उतरले की मुक्कामात रोज वेगळे नाटक लागे, नटांना महिन्याचा पगार असे आणि पंगतीचा खर्च मालकाच्या अंगावर असे. या पद्धतीत घर चालू ठेवण्याचा स्थिर खर्च प्रचंड आणि आणखी एक प्रयोग लावण्याचा वरखर्च त्या मानाने थोडा असतो. पडदा न उघडलेली रात्र म्हणजे तोटाच, आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर पडदा उघडलेली रात्र हीही तोट्याचीच.

इथे थोडे विषयांतर करतो, पण बेळगावच्या माणसाला ते टाळता येणार नाही. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्ये याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. त्यांनी शिक्षकी केली, पुढे महसूल खात्यात नोकरी केली आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चा प्रयोग केला. सरकारी कचेरीत आकडे सांभाळणारा माणूस गाणाऱ्यांची कंपनी काढतो, यात आपल्या प्रांताला नवल वाटण्यासारखे काही नव्हते. नवल वाटायला हवे ते पुढच्या काळाचे. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली, तिने प्रेक्षकांना भरजरी शालू, गालिचे आणि अत्तराचा दरवळ दिला, सभागृहे ओसंडून वाहिली आणि कंपनी कर्जात बुडाली. हाउसफुल्लचा फलक आणि कर्जाचा कागद एकाच दारावर लागू शकतात, हे सीमाभागातल्या नाटकवेड्यांना आजोबांच्या गोष्टींतून ठाऊक आहे.

व्हिएन्नातली दहा वर्षे

मेयर यांची निवड २००७ मध्ये झाली. तेव्हा या पदासाठी गायक नील शिकॉफ यांचे नाव जोरात होते आणि ऑस्ट्रियाच्या चॅन्सेलरांचा, म्हणजे सरकारप्रमुखांचा, कौलही त्यांच्याकडे होता, पण मंत्री क्लाउडिया श्मिड यांनी संचालक म्हणून मेयर आणि संगीताचे प्रमुख म्हणून संगीतसंचालक (म्हणजे वाद्यवृंद चालवणारे) फ्रांत्स वेल्झर-म्योस्ट अशी जोडी निवडली. पुढे काय घडले ते कळण्यासाठी या नेमणुकीचा प्रकार लक्षात ठेवला पाहिजे. मंत्र्याने एक माणूस नव्हे, एक जोडी नेमली होती, आणि त्यात हिशेबाचा जाणकार एक व स्वराचा जाणकार दुसरा अशी वाटणी गृहीत होती.

मेयर यांचा पहिला मोठा निर्णय काटकसरीचा नव्हता. नोव्हेंबर २०१० मध्ये हँडेलच्या ‘अल्चिना’ या ऑपेरासाठी त्यांनी मार्क मिंकोव्स्की यांचा जुन्या धाटणीच्या वाद्यांचा वृंद फ्रान्सहून आणून खड्ड्यात बसवला. घरात जगातल्या उत्तम वाद्यवृंदाचा पगार चालू असताना बाहेरचा वृंद आणणे, हे आमच्या मंडळात कोणी सुचवले असते तर मी वही मिटून घरी गेलो असतो. पण वर्षानुवर्षे तेच पन्नास ऑपेरा फिरवणाऱ्या घरात प्रेक्षकाला नवे कारण द्यायचे, तर त्याची किंमत मोजावी लागते, असा हिशेब त्यामागे असावा असे मला वाटते. एप्रिल २०११ मध्ये आन्ना नेत्रेब्को आणि एलिना गरांचा या नामांकित गायिकांना एकत्र आणून केलेला दोनिझेत्तीचा ‘आन्ना बोलेना’ याच जातीचा निर्णय होता.

तिकिटांच्या बाबतीत मात्र अर्थशास्त्राचा हात स्पष्ट दिसतो. या सभागृहात सुमारे १,७०० आसने आहेत आणि शिवाय काहीशे प्रेक्षकांना उभे राहून पाहण्याची सोय आहे. मेयर यांच्या काळात चांगल्या आसनाला दोनशे युरोंहून अधिक मोजावे लागत, तर उभ्याचे तिकीट तीन-चार युरोंना मिळे. ही सोय जुनी आहे, त्यांची नव्हे, पण त्यांनी ती जपली. उभे राहणारा आपली जागा कठड्याला रुमाल किंवा गळपट्टा बांधून राखतो आणि मग निर्धास्तपणे चहा-कॉफीला जातो. खानापूरच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाला हा प्रघात परका वाटणार नाही. एकाच प्रयोगासाठी ज्याची जेवढी ऐपत आणि जेवढी सहनशक्ती तेवढे त्याच्याकडून घ्यावे, म्हणजे घरही भरते आणि उद्याचा श्रोताही आजच तयार होतो, हे दरभेदाचे तत्त्व वर्गात मी आकृती काढून शिकवतो. त्या कठड्यावरच्या रुमालात ते जास्त चांगले दिसते.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. २०१३ च्या अखेरीस व्हिएन्नाने प्रयोगांचे थेट प्रक्षेपण सुरू केले. एका प्रयोगाला चौदा युरो पडत आणि प्रेक्षकाला दोन चित्रे मिळत, एक संपूर्ण रंगमंचाचे स्थिर चित्र आणि दुसरे जवळून टिपलेले व संकलित केलेले. व्यवस्थेतला खरा विचार वेळेचा होता. व्हिएन्नात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा होतात, जपानात तर मध्यरात्र उलटते. म्हणून आपल्या गावच्या घड्याळाप्रमाणे सोयीची वेळ निवडून तो प्रयोग पाहण्याची मुभा ठेवली होती. बाऊमोलच्या कात्रीला कोणी उत्तर दिले असेल तर ते इथे आहे, कारण वादक तेवढेच आणि वेळ तेवढाच राहूनही श्रोते वाढवण्याचा हा मार्ग होता. तिकिटाच्या खिडकीला यातून किती हातभार लागला हा वेगळा प्रश्न. पण २०२० मध्ये दार बंद झाले, तेव्हा सहा वर्षांहून अधिक काळाचे चित्रीकरण फडताळात तयार होते, म्हणूनच टिळकवाडीत बसून मला ते दिसले.

पुढे आसनांसमोरच्या पाट्यांवर अनेक भाषांतून संवादांचा अनुवाद देणारी नवी यंत्रणाही आली. आमच्या प्रयोगांना कन्नड घरांतले बरेच श्रोते येतात आणि पदांना मनापासून दाद देतात, पण गद्य संवादांत त्यांची चुळबुळ सुरू होते. कुमार गंधर्व जिथे जन्मले ते सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर आहे. सुराला इथे कधीच दुभाष्या लागला नाही, संवादाला लागतो. ही गोष्ट दिसत असूनही तिच्यावर पैसे खर्च करावेत हे आम्हाला सुचले नव्हते.

या सगळ्याचे फळ आकड्यांत दिसले. मेयर यांच्या काळात आसनभरती ९८-९९ टक्क्यांच्या घरात राहिली. कोणत्याही नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने चौकटीत लावून ठेवावा असा हा आकडा आहे.

आकडा कुठे उपयोगी पडला नाही

सप्टेंबर २०१४ मध्ये वेल्झर-म्योस्ट यांनी कलात्मक मतभेदांचे कारण देऊन तडकाफडकी राजीनामा दिला आणि त्या मोसमातले त्यांचे ३४ प्रयोग सोडले. जोडी म्हणून झालेली नेमणूक चार वर्षांत मोडली. त्याच वर्षी त्याच सरकारी संस्थासमूहातल्या बुर्गथिएटर या नाट्यगृहात आर्थिक गैरव्यवहाराचे प्रकरण उघड होऊन तिथल्या संचालकांना जावे लागले होते. त्या पार्श्वभूमीवर ऑपेराचा स्वच्छ ताळेबंद मेयर यांची ढाल ठरायला हवा होता. काही काळ तो ठरलाही. मोकळ्या झालेल्या पदावर त्यांनी दुसऱ्या कोणाला बसवले नाही आणि पाहुण्या संगीतसंचालकांना आळीपाळीने बोलावून मोसम पार पाडला, यातले व्यवस्थापनाचे कौशल्य वादातीत आहे. तरीही डिसेंबर २०१६ मध्ये २०२० नंतर घर ध्वनिमुद्रण व्यवसायातून आलेल्या बोग्दान रोश्चिच यांच्याकडे जाईल, असे सरकारने जाहीर केले. सभागृह भरलेले होते आणि हिशेब जुळत होता. मंत्र्यांना घराचा चेहरा बदलायचा होता, आणि चेहऱ्याचा रकाना ताळेबंदात नसतो.

याहून गंभीर गोष्ट २०१९ ची. ऑपेराच्या बॅले अकादमीत मुलांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्या वर्षी एप्रिलमध्ये आरोप प्रसिद्ध झाले. चौकशीसाठी नेमलेल्या विशेष आयोगाने डिसेंबरमधील अहवालात मुलांच्या संरक्षणाची व्यवस्था अपुरी असल्याचे म्हटले. अकादमी या घराचा भाग होती, म्हणून अंतिम जबाबदारी संचालकाच्या दारापर्यंत येते. मेयर यांचे गुणवर्णन करणारे लेख हे प्रकरण एका वाक्यात उरकतात, ते मला पटत नाही. तीनशे रात्री पडदा वेळेवर उघडणाऱ्या संस्थेत नर्तक तयार होतात ती खोली दिवसा कोणी पाहायची, हा व्यवस्थापनाचाच प्रश्न आहे, आणि आसनभरतीच्या टक्क्यांत त्याची चाहूल कधीच लागत नाही.

मिलान

ला स्कालाविषयी थोडक्यात. हे घर नव्वदच्या दशकात प्रतिष्ठान झाले आणि तिकीट, सरकारी अनुदान व खासगी देणगीदार या तीन पायांवर उभे आहे. देणगीचा पाय किती निसरडा असतो हे मेयर यांच्या आधीच्या संचालकांच्या काळात दिसले होते. सौदी अरेबियाकडून येऊ घातलेल्या पैशावरून वाद पेटला आणि २०१९ मध्ये आलेली रक्कम परत करावी लागली. मेयर यांच्या वाट्याला प्रथम महामारी आली. सप्टेंबर २०२० मध्ये मिलानच्या मुख्य चर्चमध्ये मृतांच्या स्मरणार्थ व्हेर्दीचा ‘रेक्विएम’ झाला, आणि ७ डिसेंबरचा मोसमारंभ, ज्याच्या सर्वांत महागड्या तिकिटाला एरवी हजारो युरो पडतात, रिकाम्या सभागृहातून दूरचित्रवाणीवर झाला. (आपल्याकडे १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’चे वरचे तिकीट शंभर रुपये होते. विशेष रात्रीचा विशेष दर ही कल्पना आपल्याला नवी नाही.) २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर युद्धाचा निषेध न करणारे रशियन संगीतसंचालक व्हालेरी गेर्गिएव्ह यांना प्रयोगातून वगळले गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मात्र ‘बोरिस गोदुनोव’ हा रशियन ऑपेरा ठरल्याप्रमाणे झाला, तेव्हा त्यावरही आक्षेप आले. माणूस वगळायचा आणि कलाकृती ठेवायची ही रेघ मला योग्य वाटते.

२०२३ मध्ये इटलीच्या सरकारने ऑपेरा प्रतिष्ठानांच्या प्रमुखांसाठी सत्तर वर्षांची वयोमर्यादा घातली. मेयर ऑगस्ट २०२५ मध्ये सत्तरीचे होणार होते. व्हेनिसहून फोर्तुनातो ओर्तोंबिना यांची निवड झाली आणि २०२५ च्या प्रारंभी मेयर यांनी घर सोडले. त्यांची नेमणूक, सहकाऱ्याचे जाणे, व्हिएन्ना सुटणे आणि मिलान सुटणे यांतले एकही वळण तिकिटाच्या खिडकीवर ठरले नाही. ज्या मापात ते सर्वांत उजवे होते, त्या मापाने त्यांना कोणी मोजलेच नाही.

या अभ्यासाची टिपणे काढत असताना आमच्या मंडळाची गेल्या काही वर्षांची वही पुन्हा चाळली. नाट्यगृहाचे भाडे, टेम्पो, रंगभूषा, कपडेपट, जाहिरात, चहा-फराळ असे रकाने होते. तालमीचा रकाना नव्हता. आमचे पेटीवाले काका शहापुराहून स्कूटरवर पेटी बांधून प्रयोगाआधी जवळपास चाळीस संध्याकाळी येतात, त्याबद्दल वहीत एक अक्षर नव्हते, कारण ते त्याचे पैसे घेत नाहीत. मी नवा रकाना आखला आणि प्रत्येक तालमीपुढे आजच्या बाजारभावाने मानधन लिहून त्याच्या शेजारी ‘घेतले नाही’ अशी नोंद केली. बैठकीत बेरीज वाचून दाखवली तेव्हा काका म्हणाले, “सर, हे असं मांडलंत तर आपला एकही प्रयोग कधी नफ्यात दिसायचा नाही.” अध्यक्षांनी रकाना खोडावा असे सुचवले. तो अजून वहीत आहे, आणि पुढच्या प्रयोगाच्या तालमी सुरू झाल्यापासून त्यात अकरा नोंदी झाल्या आहेत.